फिकट निळी पेन्सिल: जिवंत पक्षी रेखाटताना किती कामाची?

पक्ष्याचं चित्र बिघडतं ते पिसं काढताना नव्हे, त्याच्या कितीतरी आधी. चोचीपासून सुरुवात केली, मग डोकं, मग पाठीची कड, असं करत शेपटीशी पोचलं की कळतं, डोकं मोठं झालंय आणि शेपटीला कागदच उरलेला नाही. तोवर रेघ गडद झालेली असते. ती खोडून मान वर करावी, तर पक्षी गेलेला. फिकट निळी पेन्सिल नेमक्या या दुखण्यावरचा इलाज आहे, आणि खरोखर चांगला इलाज आहे.

ही पेन्सिल ‘नॉन-फोटो ब्लू’ या नावानं मिळते. प्रिझ्माकलरच्या कोल-इरेज मालिकेतली पेन्सिल चित्रकारांच्या ओळखीची आहे. मागच्या टोकाला खोडरबर लावलेलंच येतं. पूर्वी छपाईसाठी चित्राचा फोटो काढत, तेव्हा त्या फिल्मवर हा निळा कोऱ्या कागदासारखाच उमटायचा. त्यामुळे कच्च्या रेघा खोडाव्या लागत नसत. नाव त्यावरूनच पडलं. पक्षी काढणाऱ्याला तिचा उपयोग वेगळा आहे: वर शिसपेन्सिलीची रेघ आली की डोळा निळ्या रेघेकडे बघतच नाही. म्हणजे चुकलेल्या रेघा तशाच ठेवता येतात, आणि खोडण्यात जाणारा वेळ पक्ष्याकडे बघण्यात जातो.

फांदीवर बसलेली चिमणी घ्या. आधी फक्त एक रेघ, डोक्यापासून शेपटीपर्यंत शरीराचा कल दाखवणारी. पेन्सिल हातभर लांब धरून पक्ष्यावर तिरकी टेकवल्यासारखी करा आणि तोच तिरकेपणा कागदावर आणा. त्या रेघेवर शरीराचा अंडाकार, वर डोक्याचं वर्तुळ. इथे थांबून मोजायचं: या शरीरात असं डोकं किती वेळा मावतं? वर्तुळ मोठं वाटलं तर त्याच्यावरच दुसरं, लागलं तर तिसरं. शिसपेन्सिलीनं तीन वर्तुळं काढली तर कागद चिखलासारखा होतो. निळ्यात त्यातलं बरोबर कोणतं ते नंतर निवडता येतं. मग अंड्याच्या गोलाईवर सरळ छाट मारायचे. पाठ आणि मान जिथे मिळतात, गळा छातीला लागतो, पोट शेपटीखाली संपतं, तिथले कोन बघून. पक्ष्याची ओळख पिसांपेक्षा या कोनांत जास्त असते. एवढं जमल्याशिवाय शिसपेन्सिल हातात घेऊ नये. घेतली की एचबी किंवा २बी पुरे.

पाय काढतानाही निळ्या रेघेचा मोठा आधार. शरीराच्या वजनाच्या मध्यातून एक उभी रेघ खाली सोडा. एका जागी स्वस्थ उभ्या असलेल्या पक्ष्याची पावलं त्या रेघेच्या आसपासच पडायला हवीत, नाहीतर चित्रातला पक्षी पुढे कोसळतो. आणि पायाचा जो सांधा मागे वाकलेला दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा. गुडघा पिसांत लपलेला असतो.

निळ्या पेन्सिलीचं खरं मोल कळतं ते मिटलेल्या पंखावर. पंख वरून चिकटवल्यासारखा दिसण्याचं कारण असं, की त्याची अख्खी कड काढली जाते. प्रत्यक्षात छातीच्या बाजूची फुललेली पिसं पंखाच्या खालच्या कडेवर येतात, खांद्याची पिसं वरच्या कडेवर. त्यामुळे पंखाचा बराच भाग झाकलेला असतो. निळ्यानं फक्त पिसांच्या गटांच्या सीमा आखा, सुटी पिसं नकोत. पंखाच्या टोकाची लांब पिसं आतल्या पिसांच्या पुढे किती डोकावतात तेवढं अंतर मात्र नीट मोजा. शेपटीतही तसंच: बहुतेक लहान पक्ष्यांना शेपटीची १२ पिसं असतात, पण मिटलेली शेपटी वरून बघितली तर मधली जोडीच मुख्यतः दिसते, आणि खालून बघितली तर कडेची. बारा पट्टे काढले तर तो पंखा होतो.

आता अडचणी. या प्रकारच्या पेन्सिलीचं शिसं मेणचट असतं. दाबून रेघ ओढली की त्यावर शिसपेन्सिल घसरते आणि जलरंगही धरत नाही. टोकापासून लांब पकडून, हाताच्या नुसत्या वजनानं चालवली तर हा त्रास होत नाही. खोडता येते हे खरं, पण खरबरीत कागदावर फिकट खूण राहतेच. भर उन्हात पांढऱ्या कागदावर रेघ दिसेनाशी होते, म्हणून वही स्वतःच्या सावलीत धरावी. पिवळसर किंवा करड्या कागदावर तर ही पेन्सिल घेऊच नये. तिथे फिकट विटकरी बरी. पेन्सिल खाली पडली की आतलं शिसं तुटतं आणि मग टोक करताना तुकडे गळत राहतात. टोक तसंही अणकुचीदार लागत नाही, बोथट टोकानं बारकाव्यांत अडकायचा मोह कमी होतो.

रंगवताना पक्षी बघून ठरवावं. खंड्याच्या निळ्या पाठीत या रेघा विरघळल्यासारख्या होतात, बगळ्याच्या पांढऱ्या अंगावर सावलीच्या बाजूला नेल्या तर खपतात. पिवळ्या पोटावर मात्र पातळ रंगातून त्या हिरवट दिसतात, तिथे रंगाआधी खोडायलाच हव्यात. मोबाइलचा कॅमेरा हा निळा सहज टिपतो, नावावर जाऊ नका; स्कॅन केल्यावर निळ्या रंगाची उजळी वाढवून मग चित्र कृष्णधवल करावं.

फोटो छापून त्यावरून चित्र उतरवणाऱ्याला या पेन्सिलीची गरज नाही. हलत्या पक्ष्यासमोर बसणाऱ्यानं एक घ्यावी, आणि घेण्याआधी खात्री करायची असेल तर घरातल्या रंगपेन्सिलीतल्या आकाशी रंगानं दहा चिमण्या काढून बघाव्यात. साधी रंगपेन्सिल नीट खोडली जात नाही, बाकी पद्धत हीच.