भाड्याचा डबल ब्रेस्ट पंप: जुळ्या मुली काचेत असताना वापरलेला

आधी हिशोब मांडते, कारण पंप घेताना दुकानात कुणी तो मांडत नाही. माझ्या दोघी मुली तिसाव्या आठवड्यात झाल्या. थोरली १,२४० ग्रॅम, धाकटी १,०८०. एवढ्याशा बाळाचं दूध पूर्ण चालू झालं की वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण १५० मिलि लागतं. म्हणजे दोघींचं मिळून साडेतीनशेच्या आसपास, आणि दोन-दोन किलोच्या झाल्या की सहाशे. बरं, अंगावर ओढणारं कुणीच नाही. चोखायचं, गिळायचं आणि मध्येच श्वास घ्यायचा, हा मेळ चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास जमायला लागतो. तोवर तोंडातून पोटात सोडलेली नळी आणि वर धरलेली सिरिंज. तोपर्यंत पान्हा टिकवायचा तो हाताच्या आणि मशीनच्या जिवावर. एका बाळासाठी, अधूनमधून वापरायचा छोटा हँडपंप इथे पुरत नाही.

म्हणून आम्ही रुग्णालयांत असतो तसला मोठा, दोन्ही बाजूंचा पंप भाड्याने घेतला, पुण्यातल्या एका सर्जिकल दुकानातून. भाडं महिन्याला २,५०० रुपये, डिपॉझिट ५,०००, आणि किट (छातीला लावायचं फनेल, नळ्या, बाटल्या) स्वतःचं विकत, तेही १,८०० ला. मशीन अनेक आयांकडून फिरून येतं, पण दुधाला लागणारा प्रत्येक भाग ज्याचा त्याचा. किट कुणाचं वापरलेलं घेऊ नका, अगदी सख्ख्या बहिणीचंसुद्धा.

पहिल्या दोन दिवसांत मात्र या मशीनचा काही उपयोग नाही. चीक येतो थेंबाथेंबाने आणि तो फनेललाच चिकटून बसतो. रात्रपाळीच्या सिस्टरनी मशीन बाजूला ठेवायला लावलं आणि हाताने कसं काढायचं ते दाखवलं. बोटं काळ्या भागाच्या मागे ठेवायची, आत छातीकडे दाबायची, मग जवळ आणायची. त्वचेवरून घासायची नाहीत. निघालेले थेंब सरळ सिरिंजमध्ये. तेवढंसं काही वाया जात नाही, पोटात द्यायची वेळ आली नसेल तर बाळाच्या गालांच्या आतून फिरवतात. त्या दिवसांत थोरलीला दूधपेढीतलं दूध मिळालं. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली, तीच वाट. दुसऱ्या कुठल्या तरी आईचं दूध, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक केलेलं. सासूबाईंना आधी पटेना. मग स्वतःच म्हणाल्या, "आमच्या वेळी शेजारणीनं पाजलंच होतं की, फक्त तापवलं नव्हतं."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दाटून आली आणि तिथून खरं काम मशीनचं.

हे मशीन आधी दोनेक मिनिटं हलकं, भराभर ओढतं, पान्हा सुटेपर्यंत. मग सावकाश आणि खोल. जोर वाढवायचं बटण आहे, पण जास्त जोर म्हणजे जास्त दूध नव्हे. दुखायला लागलं की पान्हा आखडतो. जिथवर दुखत नाही तिथवरच न्यायचं. आणि मशीनपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे फनेलचं माप. दुकानदाराने सगळ्यांना देतात तेच २४ मिमीचं दिलं, न विचारता. मला सोलवटल्यासारखं होऊ लागलं. पुन्हा त्याच सिस्टर, त्यांनी टेपने निपलचा व्यास मोजला आणि २१ चं आणायला सांगितलं. दुकानात बदलून मिळालं नाही, नवीन जोडी घ्यावी लागली. घेतानाच मोजून घ्या. हे सांगायला लाजण्यासारखं काही नाही आणि दुकानदाराला लाज वाटत असेल तर तो त्याचा प्रश्न.

डबल का, तर वेळ. दोन्ही बाजूंना एकाच वेळी लावलं की वीस मिनिटांत होतं, एकेक करत बसलं तर चाळीस. दिवसातून आठ वेळा काढायचं, त्यातली एक तरी मध्यरात्रीनंतर, म्हणजे रोजचे अडीच तास वाचले. हे अडीच तास मी कांगारूला दिले, म्हणजे बाळाला उघड्या छातीवर घेऊन बसायला. जुळ्यांच्या आईचं खरं कोडं दुधाचं नसतं, छाती एक आणि बाळं दोन हे असतं. थोरली तासभर उघड्या छातीवर, मग तिला पेटीत ठेवून धाकटी. मध्ये कुणी रडली की दुसरीचा अपराध वाटतो. कांगारू झाल्यावर लगेच पंपाला बसलं की दूध जास्त यायचं, हे माझं मी पाहिलेलं.

किट धुणं हा मात्र पूर्ण वेळेचा उद्योग आहे. दर वेळी साबणाने, मग उकळून. आम्ही रुग्णालयामागे खोली घेतली होती, तिथे इंडक्शनवर एक पातेलं फक्त याच कामाला. ते सासूबाईंनी ताब्यात घेतलं. अळिवाची खीर आणि हे पातेलं, दोन्ही आघाड्या त्यांच्या. नवरा शनिवारी कराडहून यायचा तेव्हा बाटल्यांवर लेबलं लावायचं काम त्याचं: नाव, तारीख, वेळ. आमच्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) फ्रिजमध्ये २४ तास हा नियम, वेळ लिहिलेली नसेल तर बाटली परत.

आवाज. हो, आवाज आहे. सासूबाई पहिल्यांदा ऐकून म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्या गोठ्यातल्या मशीनसारखं वाजतंय." मातांच्या खोलीत रात्री तीनला लावलं की शेजारची कूस बदलते. पण तिलाही उठून तेच करायचं असतं, त्यामुळे कुणी बोलत नाही. वजन तीनेक किलो, सिझरच्या टाक्यांना ते कळतं. बॅटरी नाही, त्यामुळे वीज गेली की हातावर. चौथी तक्रार त्या बारीक पांढऱ्या रबरी झडपेची. ती जराशी फाटली की ओढ कमी होते आणि वाटतं आपलंच दूध आटलं. एका रात्री मी रडून घेतलं, सकाळी झडप बदलली, दूध जागेवर. एक जास्तीची जोडी पहिल्या दिवशीच घ्या. नळीत वाफ धरली तर दूध काढून झाल्यावर नुसती नळी लावून मशीन थोडा वेळ चालू ठेवायचं, सुकते.

आणि एक. मध्ये धाकटीचं पोट फुगलं, दूध बंद केलं, सलाईनवर ठेवली. पिणारं कुणी नाही तर काढायचं कशाला, असं वाटतं. डॉक्टर म्हणाले, थांबू नका, कमी दिवसांच्या बाळांमध्ये आतड्याच्या आजाराचा धोका आईच्या दुधाने कमी होतो, पुन्हा सुरू करताना तिला हेच लागणार. त्या दिवसांत मी ठरल्या वेळी मशीन लावून बसायचे आणि बाटल्या थोरलीच्या नावाने जायच्या. दूध पुन्हा २ मिलिने सुरू झालं तेव्हा ते द्यायला फ्रिजमध्ये होतं. पुढे पालडाईने, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीने, पाजायला शिकवलं, आपल्या बोंडल्याचीच बहीण ती, आणि शेवटी धाकटीच आधी अंगावर लागली.

मशीनला पाचपैकी साडेचार. दुकानाला दोन. परत करताना "ओरखडा आहे" म्हणून डिपॉझिटमधले पाचशे कापले, ओरखडा आधीचाच होता. घेताना चारही बाजूंनी फोटो काढून दुकानदाराला तिथेच व्हॉट्सॲप करा आणि पावतीवर भाड्याची तारीख लिहून घ्या. त्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा आहे.