लीद तपासून मगच औषध : साताऱ्यातील एका घरपोच पशुवैद्यकीय सेवेचा अनुभव

कोरेगाव तालुक्यातील आमच्या वस्तीवर दोन भीमथडी घोड्या आणि त्यांतील धाकटीचे पाच महिन्यांचे शिंगरू आहे. या हिवाळ्यात शिंगराचे पोट ढोलासारखे फुगले, अंगावरची लव राठ झाली आणि पहाटेच्या गारठ्यात ते खोकू लागले. सर्दी असेल असे समजून आम्ही आठवडाभर त्याच्या अंगावर घोंगडे टाकण्यापलीकडे काही केले नाही. शेवटी सातारा शहरातील एका खाजगी पशुवैद्यकांच्या घरपोच सेवेला फोन केला. त्या सेवेविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण आपल्याकडे घोडी पाळणारे बहुतेक जण जंताचे औषध अंदाजानेच पाजतात, आणि मीही इतकी वर्षे तेच करत आलो होतो.

हेच शिंगरू दोन महिन्यांचे असताना एका औषध दुकानातून शेळ्या-मेंढ्यांसाठीचे पातळ औषध आणून मी ते बाटलीने पाजले होते. वजन कोणी विचारले नाही, मी सांगितले नाही, आणि अर्धे औषध त्याने मान झटकून बाहेर टाकले. तरीही औषध दिले गेले, या समाधानात मी तीन महिने निर्धास्त राहिलो.

डॉक्टर आले तेव्हा त्यांनी पेटीतून औषध काढण्याआधी शिंगराची त्याच दिवसाची लीद मागितली. मातीला न टेकलेला मधला भाग त्यांनी पिशवीत घेतला, पिशवीतली हवा दाबून काढली आणि ती बर्फाच्या डब्यात ठेवली, कारण उबेत काही जंतांची अंडी फुटून अळ्या बाहेर पडतात आणि मग मोजणी चुकते. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दवाखान्यात गेलो, तेव्हा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. रेघा आखलेल्या काचेवर तपकिरी, गोल, जाड कवचाची अंडी स्पष्ट दिसत होती. मोजणीत २६ अंडी भरली; त्यांच्या पद्धतीत या आकड्याला ५० ने गुणायचे असते, म्हणजे एका ग्रॅम लिदीत १,३०० अंडी झाली.

ही अंडी पॅरास्कॅरिस नावाच्या मोठ्या गोलकृमीची होती. अंडे पोटात गेल्यावर आतून निघालेली अळी आतड्याची भिंत भेदून यकृतात आणि तेथून फुप्फुसात जाते, खोकल्याबरोबर घशाशी येऊन पुन्हा गिळली जाते आणि मगच लहान आतड्यात मोठी होते. आम्ही सर्दी समजत होतो तो खोकला कशाचा असावा, हे तेव्हा उमगले. अंडे गिळल्यापासून लिदीत नवी अंडी दिसेपर्यंत दहा ते बारा आठवडे जातात. म्हणूनच पहिले औषध दोन-तीन महिन्यांच्या वयात नीट वजन करून द्यावे आणि पुढचे दूध तोडण्याच्या सुमारास लीद तपासून द्यावे, असे त्यांनी सांगितले.

औषधाची निवड हा या सेवेतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग आहे. मी आयव्हरमेक्टिनचा आग्रह धरला होता, कारण बाजारात त्याचेच नाव चालते. डॉक्टरांनी तो शांतपणे नाकारला. या गोलकृमीने अनेक देशांत त्या औषधाला दाद देणे सोडले आहे; शिवाय पोटात जंत खच्चून भरलेले असताना ते एकदम लुळे पडले, तर त्यांचा बोळा होऊन आतडे तुंबण्याचा आणि शिंगरू पोटशुळाने दगावण्याचा धोका असतो. त्यांनी तुलनेने सावकाश काम करणारे फेनबेंडाझोल, किलोमागे १० मिलिग्रॅम या प्रमाणात दिले. तिसऱ्या दिवशी लिदीत पेन्सिलीएवढे जाड, वीतभर लांब, पांढुरके जंत पडलेले दिसले. मी काडीने बाजूला करून ते मोजले, अकरा होते.

चौदा दिवसांनी न बोलावता पुन्हा नमुना नेण्यात आला. या वेळी काचेवर एकच अंडे मिळाले, म्हणजे ग्रॅममागे ५०. घट ९६ टक्के. औषध लागू पडले की नाही हे सांगणारी ही दुसरी मोजणी आजवर मला कोणी करून दिली नव्हती, आणि या सेवेचे पैसे मी आनंदाने देतो ते तिच्यासाठी.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पहिल्या अहवालावर नुसते ‘जंत आढळले’ असे लिहिले होते. आकडा मागून घ्यावा लागला. वजनासाठी वापरलेली छातीची टेप मोठ्या घोड्यांसाठीची होती आणि तिने ९० किलो दाखवले. मला शंका आली म्हणून शिंगराला टेम्पोत चढवून वजनकाट्यावर नेले, तेव्हा ११० किलो भरले. डॉक्टरांनी मात्रा लगेच बदलली हे खरे, परंतु कमी मात्रेमुळे जंत औषधाला सरावतात, हे तेच आम्हाला समजावून सांगत असताना योग्य टेप त्यांच्याकडे असायला हवी होती. शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय जिल्ह्यातच असले, तरी साताऱ्याहून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर शिंगरू आणि घोडी दोघांना नेणे दर वेळी जमत नाही; म्हणून घरपोच येणाऱ्याकडून ही अपेक्षा अधिक आहे.

जाताना त्यांनी पागेची पाहणी केली. ही अंडी चिकट असतात, गव्हाणीला, भिंतीला, घोडीच्या कासेलाही लागून राहतात आणि मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. तेव्हापासून आमच्याकडे कास रोज कोमट पाण्याने पुसली जाते, गव्हाण कढत पाण्याने घासली जाते, आणि ताजी लीद लसूणघासाच्या वाफ्यात न टाकता खड्ड्यात कुजवली जाते. दूध तोडण्याच्या वेळची पुढची मोजणी येत्या महिन्यात आहे.