बीएलडीसी पंखे : सत्तरीतल्या दोघांच्या घरातले आठ महिने

सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर वीजबचतीचा उपक्रम निघाला आणि आमच्या ह्यांनी सगळ्यांआधी नाव दिलं. मार्चमध्ये नेरूळच्या घरातले तिन्ही जुने पंखे उतरवून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे पंखे बसवले.

जुना पंखा ७५ वॅट खायचा, हा पूर्ण वेगातही ३० च्या आसपास. नोकरीवाल्यांच्या घरी पंखा रात्रीपुरता, आम्ही दोघं मात्र दिवसभर घरातच. तीन पंखे रोज १४ तास धरले तर महिन्याला ५६-५७ युनिट वाचतात. उन्हाळ्यात आमचं बिल ३४० युनिटांपर्यंत जायचं, या मे महिन्यात २८१ आलं. तीनशेच्या पुढचा दर चढा असतो, म्हणजे गेलेल्यांतले चाळीस युनिट तरी महागातले. हे दर रविवारी खाली जाऊन मीटरचा आकडा वहीत उतरवतात. दुधाचा हिशेब कधी इतका चोख ठेवला नाही!

आता रिमोट. जुना रेग्युलेटर याला चालत नाही, तो काढावाच लागला. रात्री दोनला गार वाटायला लागलं की आधी चष्मा शोधा, मग रिमोट. काळ्या प्लास्टिकवर करडी अक्षरं, कोणाला दिसणार? एकदा ह्यांनी भलतंच बटण दाबलं आणि पंखा भन्नाट सुटला. शेवटी मी वेग कमी करायच्या बटणावर खड्याची टिकली चिकटवली. अंधारात बोटाला बरोबर लागते.

जुलैत हॉलमधला पंखा बंद पडला. पूर्वी कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन कपॅसिटर बदलून मोकळा व्हायचा. या वेळी म्हणाला, "आजी, याचा बोर्डच गेलाय, कंपनीचाच लागेल." कंपनीला फोन केला तर म्हणे तक्रार अ‍ॅपवर टाका. माणूस उगवला अकराव्या दिवशी. वॉरंटीत झालं, पैसे पडले नाहीत, पण ते अकरा दिवस घामाघूम काढले.

उपक्रमातली मुलं गोड आहेत. फक्त पॅसेजमधला दिवा रात्री बंद ठेवा, हा त्यांचा सल्ला मी मानला नाही. ९ वॅटचा एलईडी दहा तास जळला तरी महिन्याला तीन युनिटही होत नाहीत, आणि अंधारात पडून खुबा मोडलेली बाई माझ्याच भिशीत आहे. ह्यांच्या गुडघ्यांसाठी गीझरही चालूच राहणार.

घ्यायचे असतील तर घ्या, पण भिंतीवरून वेग बदलता येईल असं मॉडेल आधी बघा. नाहीतर टिकल्यांचं पाकीट जवळ ठेवा, आमची तिसरी चालू आहे.