सोलापूर ते गणपतीपुळे 'एका दिवसात कोकण' : अ‍ॅडव्हान्स टाकायच्या आधी हे वाचा

सोलापूरकरांनो, त्यातल्या त्यात भिशी ग्रुप, बचत गट, सोसायटीतल्या बायका, सगळ्यांनी हे वाचा आणि पुढं पाठवा, कारण हे लोक ठरवून बायकांच्याच ग्रुपला गाठतात.

आमच्या जुळे सोलापूरच्या भिशीच्या ग्रुपवर जाहिरात आली. शनिवारी रात्री १० ला सात रस्त्यावरनं निघायचं, पहाटे गणपतीपुळे, मग मालगुंड, जयगड किल्ला, आरे-वारे, रत्नदुर्ग, थिबा पॅलेस, दुपारी घरगुती उकडीच्या मोदकांचं जेवण आणि रविवारी रात्री ११ च्या आत घरी. एसी पुशबॅक बस, माणशी १,४९९ रुपये, अर्धे आत्ता, अर्धे गाडीत बसल्यावर. फोनवरचा माणूस लई गोड बोलायचा, काकू तुमच्या सासूबाईंना पुढची सीट देतो, लहान पोरांचे पैसे घेत नाय, अजिबात काळजी करू नका. पैसे मात्र यूपीआयनं भलत्याच नावाच्या खात्यावर घेतले आणि विचारलं तर म्हणे अकाउंटंटचं खातं आहे.

शनिवारी रात्री १० ची गाडी आली दीड वाजता. तोवर म्हाताऱ्या माणसांना, झोपलेल्या पोरांना घेऊन आम्ही डिसेंबरच्या थंडीत बंद दुकानांच्या पायऱ्यांवर बसलेलो. आणि बस नव्हतीच, एक जुनी ट्रॅव्हलर आणि सोबत एक जीप, दोन्हीला पांढरी नंबर प्लेट. गोड बोलणारा दादा आलाच नाय, एक पोरगा आला, उरलेले पैसे गोळा करून गाडीवर बसून निघून गेला. ड्रायव्हरला विचारलं मोदकांचं जेवण कुठं आहे, तो म्हणाला, "ताई, मला फक्त गणपतीपुळ्याला सोडून आणायला सांगितलंय, बाकी कायबी म्हाईत नाय."

आता हा हिशोब बघा, कारण खरी फसवणूक इथंच आहे. सोलापूरवरनं मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट उतरून गणपतीपुळे, हे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या वर जातं. चहापाणी धरून आठ तास कुठंच गेले नाय. म्हणजे रात्री ११ ला घरी यायचं तर दुपारी तीनला तिथनं निघावंच लागतं. त्यात जयगड गणपतीपुळ्याच्या उत्तरेला आणि रत्नदुर्ग, थिबा पॅलेस रत्नागिरीत म्हणजे दक्षिणेला, दोन्ही दिशा उलट्या. देवाचं दर्शन, समुद्र, जेवण आणि वर हे सगळं एवढ्या वेळात बसतच नाय, गाडी वेळेवर आली असती तरी बसलं नसतं. ज्यानं जाहिरात केली त्याला हे पक्कं ठाऊक असणार.

सकाळी मलकापूरच्या पुढं, घाट सुरू व्हायच्या आधी, ड्रायव्हरनं एका धाब्यावर गाडी लावली आणि चावी काढून घेतली. मग दादाचा फोन, डिझेल वाढलंय, घाटाचा एक्स्ट्रा चार्ज आहे, माणशी ३०० रुपये टाका नायतर गाडी इथनंच परत फिरेल. कुलकर्णी काकूंची बीपीची गोळी खायची वेळ झालेली, पोरं भुकेनं रडतायत, अशा ठिकाणी माणूस काय भांडणार? सगळ्यांनी पैसे टाकले. जागा मुद्दाम निवडलेली होती, सोलापुरात मागितले असते तर एकानंही दिले नसते.

गणपतीपुळ्याला पोचलो तेव्हा साडेबारा. दर्शनाला रांग. जेवणाच्या हॉटेलात गेलो तर मालक म्हणाला या नावाचं बुकिंगच नाय आमच्याकडं. कोकणातल्या माणसांना मी एका शब्दानं दोष देणार नाय, उलट शेजारच्या खानावळीतल्या काकींनी आमचं ऐकून घेतलं, "बसा हो, भात टाकते" म्हणाल्या आणि पोरांना आधी वरणभात वाढला, सोलकढीचे पैसे घेतलेच नाय. पण वेळ संपत आला होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, पोरं घाईघाईनं पाण्याकडं धावली. तिथं समुद्रात लोक बुडालेत, किनाऱ्यावर धोक्याचे बोर्ड लावलेत, त्यामुळं आमचा अर्धा जीव पोरांवर लक्ष ठेवण्यातच गेला. आरे-वारेचा तो समुद्राकडेचा वळणाचा रस्ता, ज्याचा फोटो बघून पोरींनी नावं दिली होती, तो लांबनंसुद्धा दिसला नाय, कारण येता-जाता गाडी निवळी फाट्यावरनं, आतल्या रस्त्यानंच घातली.

परत आल्यावर पैसे मागितले तर आधी "बघतो काकू", मग ब्लॉक.

तुम्ही जाणार असाल तर पैसे द्यायच्या आधी गाडीचा नंबर मागा आणि एमपरिवहन अ‍ॅपवर टाकून बघा, भाड्याची गाडी पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांची असते. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं चालवली आणि अपघात झाला तर विम्याचा क्लेम अडकतो, आणि आंबा घाटात रात्रीच्या अंधारात हा विषय छोटा नाय. पावतीवर ऑफिसचा पत्ता पाहिजे, पैसे जातील ते नाव आणि पावतीवरचं नाव एक पाहिजे. ग्रुप मोठा असेल तर एसटी डेपोत प्रासंगिक कराराची चौकशी करा, आख्खी बस मिळते. आणि मुक्काम करा ओ, एक रात्र तरी.

आम्ही ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आणि पोलीस स्टेशनला सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज दिला, सोबत चॅटचे स्क्रीनशॉट, यूपीआयच्या नोंदी आणि दोन्ही गाड्यांच्या नंबर प्लेटचे फोटो. पैसे अजून आलेले नाहीत. पुढं जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत, तिथं ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. ज्यांना असाच अनुभव आलाय त्यांनी चॅट डिलीट करू नका आणि आपला अर्ज वेगळा द्या, एकाच माणसाविरुद्ध चार ठिकाणनं अर्ज गेले तर त्याला टाळाटाळ करणं अवघड जाईल.