मिलिंद मुळीकांचं जलरंगांचं पुस्तक आणि मेणवलीचा घाट

साताऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. शाळा सुटल्यावर ब्रश हातात घेतला तो थेट पन्नाशीला, तोही कुणाकडे शिकायला न जाता. रविवारी सकाळी वाई गाठायची, पुढे मेणवलीला कृष्णेच्या घाटावर बसायचं आणि दुपारी हिरमुसून घरी यायचं, असं दोन वर्षं चाललं होतं. मग ज्योत्स्ना प्रकाशनाचं मिलिंद मुळीकांचं जलरंगातल्या निसर्गचित्रांचं पुस्तक मागवलं.

मुळीक शिकले इंजिनिअरिंग. चित्रकला त्यांनी स्वतःच्या हाताने कमावली, पण घरात वडील होते, अमर चित्रकथेतली चित्रं काढणारे प्रताप मुळीक. असा माणूस रोज डोळ्यांसमोर काम करत असेल तर ते केवढं मोठं शिक्षण! मला ते मिळालं नाही, म्हणून या पुस्तकाची किंमत मला जास्त वाटते.

पुस्तक येण्याआधी घाटावर मी प्रत्येक दगडाला कड काढायचे. आता आधी काडेपेटीएवढी चौकट आखते, डोळे किलकिले करते आणि तीनच छटा भरते: उजेड, मधली, गडद. पायऱ्यांवर ऊन असतं तिथे कागद कोराच सोडते. पायरीच्या उभ्या बाजूला अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) मिसळून केलेला करडा रंग चपट्या ब्रशने एका दमात ओढायचा, आणि पुन्हा त्याला हात लावायचा नाही. हे ‘हात लावायचा नाही’ जमायला मला चार महिने लागले. रंग वाळला की फिका पडतो, म्हणून लावताना थोडा जास्तच गडद घ्यायचा. परवा पहिल्यांदा पायऱ्या पायऱ्यांसारख्या दिसल्या. सावलीत एकही दगड काढलेला नाही, तरी दगड दिसतात. ते चित्र मी दुकानात काउंटरमागे लावलंय.

एक उणीव सांगते. टप्प्याटप्प्याने चित्र दाखवलंय, पण दोन टप्प्यांच्या मधे ब्रशमध्ये पाणी किती होतं, कागद किती ओला होता, हे छापून कळत नाही. त्यासाठी कागद वाया घालवावेच लागतात. अगदी नवख्याने आधी नुसते वॉश, म्हणजे पातळ रंगाचे सलग थर, देण्याचा सराव करावा आणि मग पुस्तक उघडावं. कागद मात्र जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या; पातळ ड्रॉइंग पेपर पाण्याने फुगतो आणि आकाशाच्या वॉशमध्ये रंगाची तळी साचतात.

ऑनलाइन मागवलं तेव्हा पुस्तक पावसात भिजून, कोपरे दुमडून आलं. बदलून मिळायला तीन आठवडे गेले. चित्रांचं पुस्तक आहे, शक्यतो दुकानात जाऊन, पानं उलटून घ्या.

पाऊस ओसरला की घाटाची दुसरी बाजू काढायला बसणार आहे, सकाळी आठच्या उन्हात.