टेपर कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग): आठ महिने, नऊ हजार किलोमीटर आणि ती खटखट

गाडी १८० सीसीची बाइक, पुढे डिस्क ब्रेक. रनिंग ३१ हजारांच्या पुढे गेल्यावर हँडलमधून ‘खट्’ असा आवाज यायला लागला. कामासाठी कराडहून आठवड्यातून एकदोनदा चिपळूणला जावं लागतं. म्हणजे पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. पावसाळ्यात या घाटातून ज्यांनी गाडी घातली आहे, त्यांना खड्ड्यांचं वर्णन नको. चाक खड्ड्यात गेलं की हँडलच्या मुळाशी कुणीतरी हातोडी मारतंय असं वाटायचं.

पहिल्या गॅरेजवाल्याने गाडी दोनदा दाबून पाहिली आणि निकाल दिला, “शॉकअप गेलेत.” ऑइल, दोन्ही सील, बुश, मजुरी धरून २४०० रुपये झाले. आतलं तेल डांबरासारखं निघालं होतं, त्यामुळे पैसे अगदीच पाण्यात गेले असं म्हणणार नाही. ब्रेक मारल्यावर पुढचं नाक बुडायचं ते कमी झालं. खट् मात्र जिथल्या तिथे.

मग आमच्या भागातल्या मेकॅनिक चाचांकडे गेलो. मी आपला गाडी उभी करून, पुढचा ब्रेक धरून, गाडी पुढे-मागे हलवून दाखवायला लागलो. चाचा म्हणाले, “आवाज कानानं काय शोधताय? हात ठेवा हितं.” हितं म्हणजे खालचा टी (दोन्ही शॉकअप धरून ठेवणारा भाग) आणि चेसिस यांच्यामधल्या फटीवर. ब्रेक धरून ढकललं की बोटाला ती फट हलताना स्पष्ट कळत होती. ब्रेक धरून केलेली ही चाचणी फसवी असू शकते, कारण कॅलिपरमधले (डिस्क पकडणारे) पॅड सरकले तरी तसाच धक्का बसतो. म्हणून त्यांनी इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी केलं आणि शॉकअपची खालची टोकं दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढली. पुन्हा खट्. चाक वर-खाली आणि आडवं धरून हलवलं, तिथे काही खेळ (ढिलेपणा) नव्हता, म्हणजे चाकाचं बेअरिंग ठीक. शेवटी हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवलं, तर बरोबर मधे, गाडी सरळ चालते त्या जागी, ते किंचित अडकत होतं. हे अडकणं म्हणजे कोन सेट संपल्याची खूण.

उघडल्यावर बेअरिंगच्या खालच्या वाटीत छर्ऱ्यांच्या जागा ठशांसारख्या उमटलेल्या. गाडी सरळ चालताना छर्रे त्याच त्याच जागी बसून दणके खातात. प्रत्येक छर्रा वाटीला एका टिंबाएवढ्या जागेवरच टेकतो. टेपर सेटमध्ये छर्ऱ्याऐवजी निमुळते रोलर असतात आणि ते लांबीभर टेकतात, त्यामुळे तोच दणका जास्त जागेवर पसरतो. एवढं ऐकून मी टेपर घ्यायचं ठरवलं. सेट ११५० रुपये, बसवायची मजुरी ६००.

आता बसवण्याबद्दल, कारण माझ्या मते निम्मा निकाल इथेच लागतो. खोक्यातून येताना बेअरिंगला फक्त गंज धरू नये इतपत तेल असतं. ग्रीस आपण रोलरच्या मधेमधे बोटाने दाबून भरायचं. नव्या वाट्या मी आदल्या रात्री फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी ठेवल्या होत्या. थंडीने त्या केसभर आकसतात आणि चेसिसमध्ये कमी ठोकाठोकीत बसतात. (घरी यावर जे ऐकावं लागलं ते वेगळं.) चाचांनी कोन सेटचा नट आधी चांगला आवळला, हँडल दहाबारा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, नट सोडला आणि मग बेताने पुन्हा घेतला. वरचा मोठा नट आवळला की आतली घट्टाई बदलते, म्हणून त्यानंतर पुन्हा तपासणी. चाक अधांतरी असताना हँडल मधून जरासं टिचकी मारल्यागत ढकललं, तर ते स्वतःच्या वजनाने दोन्ही बाजूंना पडलं पाहिजे.

तरीही पहिल्या दिवशी जरा जास्तच आवळलं गेलं होतं. बाजारातून पंधरा-वीसच्या वेगात गाडी दारू प्यायल्यासारखी डुलत होती. हँडल आपोआप सरळ होत नव्हतं, मला सतत सावरावं लागत होतं. दुसऱ्या दिवशी जरासं ढिलं केलं आणि गाडी ताळ्यावर आली. पुढे साधारण ९०० किलोमीटरला ब्रेकवर हलका खेळ जाणवला. वाट्या आपापल्या जागी पक्क्या बसल्या की असं होतं. नट अगदी थोडा फिरवला. त्यानंतर आजपर्यंत खेळ पुन्हा जाणवलेला नाही.

पण खट् गेल्यावर एक बारीक ‘कटकट’ ऐकू यायला लागली. ती आधीही असणार, मोठ्या आवाजाखाली दबलेली. मी पुन्हा कोन सेटवर संशय घेऊन दोन आठवडे घालवले. मग एकदा पाटणजवळच्या खडबडीत पट्ट्यावर सहज दोन बोटं पुढच्या ब्रेकवर टेकवली, आणि कटकट बंद! बोटं काढली की सुरू. पॅड कॅलिपरमध्ये वाजत होते. पॅडला दाबून धरणारी पातळ पत्र्याची क्लिप झिजली होती. ती नवी टाकली, पिना साफ करून ग्रीस लावलं, काम दीडशेच्या आत. आधी एवढं करून पाहिलं असतं तर दोन आवाज वेगळे आहेत हे मला महिनाभर लवकर कळलं असतं.

पावसाळा काढून दिवाळीच्या सुट्टीत सगळं उघडून पाहिलं. वरचं बेअरिंग जसंच्या तसं. खालच्याचं ग्रीस कडेला पांढुरकं झालेलं, म्हणजे पाणी शिरलं होतं. रोलरवर गंज नव्हता. पुसून नवं ग्रीस भरलं. तेव्हापासून वॉशिंगवाल्याला प्रेशरचा पाइप हँडलच्या मुळाशी धरू देत नाही.

तक्रारी दोन. सेटसोबत आलेलं धूळ अडवणारं रबर नीट बसत नव्हतं, चाचांनी जुनंच वापरलं. आणि हँडल छर्ऱ्यांच्या मानाने किंचित जड वाटतं, पार्किंगमधून गाडी काढताना कळतं. घाटातल्या वळणावर मात्र पुढचं चाक कुठे आहे ते हाताला नीट समजतं, आणि उतारावर जोरात ब्रेक मारताना आता दचकायला होत नाही.

धाकट्या भावाच्या १२५ ला हाच खेळ सुरू झाला तेव्हा तोही टेपर मागत होता. त्याची गाडी घर ते कॉलेज एवढीच चालते. तिला साधा छर्ऱ्यांचाच नवा सेट घातला, साडेतीनशेत भागलं.