गाठींतून उभी राहिलेली यक्षी: मेट ब्रॉयरमधलं मृणालिनी मुखर्जी प्रदर्शन

न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमध्ये, म्हणजे मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या तेव्हाच्या शाखेत, दोरीला गाठी मारून शिल्पं घडवणाऱ्या भारतीय शिल्पकार मृणालिनी मुखर्जी यांचं ‘फिनॉमिनल नेचर’ हे प्रदर्शन २९ सप्टेंबर २०१९ पर्यंत होतं. ज्या मराठी मंडळींचं ते पाहायचं राहून गेलं, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते. मी स्वतः गाठकाम करते आणि शिकवते. शिंकी, तोरणं, दिव्यांची आवरणं, भिंतीवर लावायच्या जाळ्या. त्यामुळे पाहताना माझं लक्ष आधी हाताकडे गेलं आणि मग कलेच्या इतिहासाकडे.

सगळ्यात जास्त वेळ मी ‘यक्षी’समोर थांबले. काम १९८४ चं. लांबून ती देवळातल्या मूर्तीसारखी भारदस्त दिसते. जवळ गेलं की मूर्ती विरते आणि नुसत्या गाठी उरतात. घट्ट, एकसारख्या, ओळीनं बसलेल्या. कड बाहेर फुलवायची आहे तिथे गाठी वाढवल्यात, आत वळवायची तिथे कमी केल्यात. क्रोशाच्या रुमालाची कड टाके वाढवून लहरीदार करतात ना, युक्ती तीच. पण इथे सुईच्या जागी दोन्ही हात, आणि दोऱ्याच्या जागी तागाची जाड, चरचरीत दोरी. ही दोरी कापसासारखी ऐकत नाही. ओढताना बोटं सोलवटतात, आणि ताण एका ओळीत जरी ढिला पडला तरी खालचं सगळं वजन त्या ओळीवर येऊन घडी लोंबायला लागते. एवढ्या मोठ्या अंगावर ताण कुठेही सुटलेला नाही, हे मी खाली वाकून, बाजूनं, मागून, सगळीकडून पाहिलं. आतून धातूचा सांगाडा आधाराला आहे, पण सांगाडा फक्त वजन पेलतो. पोट, नितंब, ओठासारख्या घड्या हे सगळं गाठीनंच घडवलेलं आहे.

यातलं मला सर्वांत अवघड वाटतं ते असं की मृणालिनीबाई आधी चित्र काढून घेत नसत. काम हाताखाली जसं वाढेल तसं पुढचं ठरायचं, आणि एकेका शिल्पाला महिनोन्महिने जायचे. गाठकाम करणाऱ्याला विचारा, उलगडणं किती जिवावर येतं ते. निरगाठ एकदा बसली की ती सोडवण्यापेक्षा दोरी कापणं बरं. असं असताना आराखड्याशिवाय एवढ्या आकाराला हात घालायचा म्हणजे स्वतःच्या हातावर केवढा भरवसा हवा!

थोडं त्यांच्याविषयी. जन्म मुंबईचा, १९४९ चा. वडील बिनोद बिहारी मुखर्जी, शांतिनिकेतनचे मोठे चित्रकार. मुलगी लहान असतानाच त्यांची दृष्टी गेली, आणि त्यानंतरही ते कागद कापून, चाचपून काम करत राहिले. आई लीला मुखर्जी शिल्पकार. मृणालिनी बडोद्याला शिकल्या. तिथे के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली भित्तिचित्राचं शिक्षण घेताना त्या दोरीकडे वळल्या आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ दोरीशीच राहिल्या. २०१५ साली दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन सुरू झालं आणि अवघ्या काही दिवसांत त्या गेल्या. अमेरिकेत त्यांचं एवढं सगळं काम एकत्र या प्रदर्शनात पहिल्यांदाच दिसलं. मांडणीमागे क्युरेटर शनय झवेरी होते.

त्यांनी काम सुरू केलं त्या काळात गाठवलेली दोरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दिवाणखान्यातलं मॅक्रमे, म्हणजे गाठींची शोभेची लटकणं, यायची. छान आहे, हस्तकला आहे, असं म्हणून पुढे निघून जायचं. इथे तसं पुढे निघून जाता येत नव्हतं, याचं बरंच श्रेय मेट ब्रॉयरच्या इमारतीलाही होतं. १९६६ साली वास्तुरचनाकार मार्सेल ब्रॉयर यांनी ती बांधली. ओबडधोबड काँक्रीटचं छत, दगडी फरशी. त्या रुक्ष, राखाडी जागेत जांभळी, मोहरीच्या रंगाची, गंजासारखी तांबूस दोरी पेटल्यासारखी दिसायची. ब्रॉयर हे बाउहाउस या जर्मनीतल्या कला-शाळेचे. त्या शाळेत शिकायला आलेल्या मुलींना बहुतेक करून विणकामाच्या विभागात धाडलं जायचं, आणि गुंटा श्टोल्त्स्ल, अ‍ॅनी आल्बर्स यांनी तिथूनच वस्त्रकलेचं जग बदललं. त्याच शाळेतल्या माणसाच्या इमारतीत एका भारतीय बाईच्या गाठी शिल्प म्हणून उभ्या होत्या, याचा मला फार आनंद झाला.

सुरुवातीची, १९७० च्या दशकातली कामं भिंतीच्या आधारानं आहेत. त्यांवरून झरझर गेलं तरी चालण्यासारखं होतं, पण वगळण्यासारखी ती नव्हती. भिंत सोडून दोरी हळूहळू जमिनीवर कशी आली, ते त्यांच्यामुळेच कळतं. ‘पक्षी’ (१९८५) आणि ‘वनश्री’ (१९९४) यांच्याभोवती मात्र मी सावकाश फिरले. या कामांत बाईचं अंग, झाडाचा बुंधा आणि उमलणारं फूल यांच्या सीमा पुसल्या जातात. शरीराच्या खुणा उघड आहेत, कुठेही संकोच नाही. सोबत वयानं मोठी माणसं असली तरी अवघडून जायचं कारण नव्हतं. आमच्याबरोबरच्या एका आजींनी ‘वनश्री’ला सरळ हात जोडले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी माती हाताळली, नंतर ब्राँझ. मातीतली फुलं मला आवडली. ब्राँझची पानं नजाकतीची आहेत, तज्ज्ञ त्यांना फार मानतात. माझं मन त्यांत तेवढं रमलं नाही. धातू ओतला जातो, तिथे प्रत्येक इंचावर हाताचा ताण वाचता येत नाही, आणि मी तर तोच वाचायला गेले होते.

२०१९ मध्ये प्रौढांचं तिकीट २५ डॉलर होतं. न्यूयॉर्क राज्यातले रहिवासी आणि न्यू जर्सी, कनेक्टिकटचे विद्यार्थी जमेल तेवढे पैसे देऊन जाऊ शकत. पूर्ण तिकीट तेव्हा लागोपाठ तीन दिवस चालायचं, मेटच्या मुख्य इमारतीतही.  त्यांचं काम पुढे कुठे पाहायला मिळालं, तर एक सकाळ फक्त दोरीसाठी ठेवा, आणि गाठकाम, क्रोशा, विणकाम करणारं घरात कुणी असेल तर त्यांना आधी घेऊन जा.